रेनिन-अँजिओटेन्सिन प्रणाली : रक्तदाबाची राखणदार, अतिरेक झाल्यास घातक

उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला दिल्या जाणाऱ्या औषधचिठ्ठीत टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांपैकी एखादे नाव बहुधा आढळते. नावे निरनिराळी असली तरी ही सर्व औषधे शरीरातील एकाच यंत्रणेला आवर घालतात. तिला रेनिन-अँजिओटेन्सिन प्रणाली असे म्हणतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशातील ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. त्यामुळे ही प्रणाली कशी चालते आणि तिच्यावरील औषधे घेताना कोणती काळजी घ्यावी, हे जाणून घेणे कोट्यवधी कुटुंबांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

प्रणालीचे कार्य

रक्तस्राव, जुलाब, उलट्या किंवा अतिघाम यांमुळे शरीरातील पाणी व मीठ कमी झाले की रक्तदाब घसरू लागतो. मूत्रपिंडातील विशिष्ट पेशींना ही घसरण जाणवते आणि त्या रेनिन नावाचे विकर रक्तात सोडतात. यकृतात तयार होणाऱ्या अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनाचे रेनिन विघटन करते व त्यातून अँजिओटेन्सिन-१ हा दहा अमिनो आम्लांचा तुकडा वेगळा होतो. तो स्वतः फारसा प्रभावी नसतो. मुख्यतः फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असलेले ‘एसीई’ हे दुसरे विकर त्यातील दोन अमिनो आम्ले काढून टाकते आणि अँजिओटेन्सिन-२ तयार होते.

या प्रणालीचे खरे सामर्थ्य अँजिओटेन्सिन-२ मध्ये आहे. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते, तहान वाढवते आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक स्रवण्यास भाग पाडते. अल्डोस्टेरॉनमुळे मूत्रपिंडे मीठ व त्याबरोबर पाणी राखून ठेवतात आणि पोटॅशियम बाहेर टाकतात. परिणामी रक्तदाब पूर्वपदावर येतो. रक्तप्रवाह मंदावला असतानाही मूत्रपिंडातील गाळणीचा दाब टिकवून धरण्याचे काम अँजिओटेन्सिन-२ करते.

मीठ दुर्मीळ असलेल्या काळात ही व्यवस्था जीवरक्षक ठरली. ॲमेझॉनच्या जंगलातील यानोमामी आदिवासींच्या आहारात आजही मीठ जवळजवळ नसते. त्यांच्या रक्तात रेनिनची पातळी उंच आढळते, तरीही वयाबरोबर त्यांचा रक्तदाब वाढत नाही.

शोधाचा प्रवास

स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगेरस्टेड आणि पेर बर्गमन यांनी १८९८ मध्ये सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला असता त्याचा रक्तदाब वाढला. त्या अर्कातील घटकाला त्यांनी रेनिन हे नाव दिले. पुढे अनेक दशके या शोधाकडे फारसे लक्ष गेले नाही. अमेरिकेतील हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये कुत्र्याच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने अरुंद केली, तेव्हा त्याला कायमचा उच्च रक्तदाब जडल्याचे दिसून आले. मूत्रपिंड आणि रक्तदाब यांचा संबंध या प्रयोगाने पक्का झाला. त्यानंतर अर्जेंटिनातील एदुआर्दो ब्राउन-मेनेंदेस आणि अमेरिकेतील अर्विन पेज यांच्या गटांनी रेनिनपासून तयार होणारा प्रभावी पदार्थ स्वतंत्रपणे शोधला. एकाने त्याला हायपरटेन्सिन, तर दुसऱ्याने अँजिओटोनिन म्हटले. दोन्ही नावांचा मेळ घालून १९५८ मध्ये अँजिओटेन्सिन हे नाव स्वीकारण्यात आले.

या प्रणालीवरील औषधाचा धागा सापडला तो सापाच्या विषात. ब्राझीलचे सर्जिओ फेरेरा यांनी जराराका या विषारी सापाच्या विषावर १९६० च्या दशकात संशोधन केले. त्या विषातील घटक ‘एसीई’ला रोखतात, हे पुढे स्पष्ट झाले. त्याच्या आधारे अमेरिकेतील स्क्विब कंपनीच्या डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेट्टी यांनी पोटात घेण्याजोगे कॅप्टोप्रिल तयार केले. अमेरिकेत त्याला १९८१ मध्ये मान्यता मिळाली. अँजिओटेन्सिन-२ चा परिणाम थेट पेशीवरील ग्राहकापाशीच रोखणारे लोसार्टन १९९५ मध्ये तेथे उपलब्ध झाले.

आजारांतील भूमिका

प्रत्येक उच्च रक्तदाबाच्या रुग्णात रेनिन वाढलेले असतेच असे नाही. मात्र आहारात मीठ मुबलक असताना ही प्रणाली जितकी शांत व्हायला हवी तितकी ती अनेकांमध्ये होत नाही. लठ्ठपणा आणि मूत्रपिंडाच्या धमनीतील अडथळा ही त्यामागील काही कारणे होत. अँजिओटेन्सिन-२ चा प्रभाव दीर्घकाळ राहिल्यास हृदयाचा स्नायू जाड होतो, रक्तवाहिन्या कडक होतात आणि मूत्रपिंडाच्या गाळण्या निकामी होऊ लागतात.

हृदय दुर्बल झालेल्या रुग्णात तर कुंपणानेच शेत खावे अशी स्थिती होते. हृदयाकडून कमी रक्त येत असल्याने मूत्रपिंडांना शरीरात पाणी कमी असल्याचा भास होतो. ती आणखी मीठ-पाणी साठवतात. पायांवर सूज येते, धाप लागते आणि थकलेल्या हृदयावरील भार वाढतो. हे चक्र तोडल्यास जीव वाचतो, हे स्कँडिनेव्हियातील एका चाचणीने १९८७ मध्ये दाखवून दिले. तीव्र हृदयदौर्बल्याच्या रुग्णांमधील सहा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण एनालाप्रिलमुळे ४४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. मधुमेहामुळे मूत्रपिंडाला होणारी हानीही ही औषधे मंदावतात.

करोना साथीच्या आरंभी या औषधांविषयी भीती पसरली होती. विषाणू पेशीत शिरण्यासाठी ‘एसीई-२’ या प्रथिनाचा आधार घेतो, हे त्याचे कारण. प्रत्यक्षात ‘एसीई-२’ हे अँजिओटेन्सिन-२ चे विघटन करून प्रणालीला लगाम घालणारे विकर आहे. ब्राझीलमध्ये ६५९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ही औषधे थांबवल्याने कोणताही लाभ दिसला नाही.

औषधे घेताना सावधगिरी

टेल्मिसार्टन हे भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातील औषधांपैकी एक आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. या गटातील औषधे दीर्घकाळ सुरक्षितपणे घेता येतात. तथापि, शरीराची संकटकालीन यंत्रणा त्यांनी रोखलेली असते, याचे भान ठेवावे लागते.

तीव्र जुलाब, उलट्या किंवा उष्माघातात शरीरातील पाणी घटते. अशा वेळी ही औषधे चालू राहिल्यास मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. त्यामुळे त्वरित डॉक्टरांशी संपर्क साधून औषध तात्पुरते थांबवावे का, हे विचारून घ्यावे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. या गोळ्या, लघवी वाढवणारे औषध आणि या गटातील औषध अशी तिन्ही एकत्र आल्यास धोका अधिक वाढतो.

गर्भावस्थेत ही औषधे वर्ज्य आहेत. त्यांमुळे गर्भाच्या मूत्रपिंडांना गंभीर हानी पोहोचते. गर्भधारणेची इच्छा असलेल्या महिलांनी आधीच डॉक्टरांकडून पर्यायी औषध घ्यावे. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. या औषधांमुळे रक्तातील पोटॅशियम आधीच वाढू शकत असल्याने, विशेषतः मूत्रपिंडविकार असलेल्यांनी असे मीठ सल्ल्याशिवाय वापरू नये. औषध सुरू केल्यानंतर काही आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम यांची रक्ततपासणी करून घेणे आवश्यक आहे.

रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटामुळे काहींना कोरडा खोकला होतो. तो त्रासदायक असल्यास सार्टन गटातील औषधाचा पर्याय उपलब्ध असतो. ओठ, जीभ किंवा चेहऱ्यावर अचानक सूज आल्यास मात्र ती तातडीची अवस्था समजून रुग्णालय गाठावे. दोन्ही गटांतील औषधे एकाच वेळी घेतल्याने अधिक लाभ होत नाही, उलट अपाय वाढतो, हे २००८ मधील एका मोठ्या चाचणीत सिद्ध झाले आहे.

औषधाइतकाच मिठावरील संयम महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा सांगितली आहे. लोणची, पापड, फरसाण आणि पाकीटबंद पदार्थांतील मीठही त्यात मोजावे लागते. मीठ कमी केल्यास या औषधांचा रक्तदाबावरील परिणाम अधिक चांगला दिसतो. रक्तदाब आटोक्यात आला म्हणजे आजार बरा झाला असे नव्हे. तो औषधामुळे आटोक्यात असतो. म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि कोणत्याही आजारासाठी डॉक्टरांकडे गेल्यास ती सुरू असल्याचे आवर्जून सांगावे.