रात्रीची टपाल विमानं आणि वैमानिकाची झोप

सावद्याहून केळी भरलेला ट्रक रात्री उत्तरेकडे निघतो, तेव्हा मालक सांगतो, "सकाळपर्यंत एवढं अंतर कापायचं." माल नाशवंत असतो, त्यामुळे घाई समजण्यासारखी आहे. पण रात्री माल पोचवण्याची ही घाई काही फक्त ट्रकची नाही. एके काळी ती विमानांनाही होती आणि त्यांचं केंद्र आपल्याच राज्यात, नागपुरात होतं.

१९४९ साली भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून विमानं रात्री निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल झाली की पहाटेच्या आत ती परत फिरत. बरोबर थोडे प्रवासीही असत. विमानं डाकोटा जातीची, दोन इंजिनांची. आजच्यासारखी मदतनीस यंत्रं त्यांत नव्हती. वैमानिकाचा भरवसा मुख्यतः स्वतःचे डोळे, समोरची घड्याळं आणि रेडिओ यांवरच.

१२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे मद्रासला निघालेलं असंच एक विमान नागपूरहून उड्डाण केल्यावर लगेच कोसळलं. १३ जण गेले, वैमानिक तेवढा वाचला. त्या अपघाताचं खापर मी झोपेवर फोडत नाही. पण दिवसा निदान खालचं मोकळं शेत दिसतं. अंधारात काही बिघडलं तर ते शोधायलाही वेळ मिळत नाही.

डॉक्टर म्हणून मला सांगायचं आहे ते शरीराबद्दल. रात्री तीन गोष्टी आपल्याला फसवतात.

पहिली गोष्ट डोळे. अंधाराला पूर्ण सरावायला त्यांना साधारण अर्धा तास लागतो, आणि प्रखर दिव्याकडे एकदा पाहिलं की ती कमाई क्षणात जाते. अंधारात एकाच दिव्याकडे टक लावली तर स्थिर दिवाही हलल्यासारखा वाटतो.

दुसरी गोष्ट कान. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग वेग वाढणं आणि नाक वर होणं यांत फरक करू शकत नाही. उड्डाणाच्या वेळी वेग वाढतो, बाहेर क्षितिज दिसत नाही आणि वैमानिकाला वाटतं, विमान फार वर चढतंय. तो नाक खाली करतो, आणि खाली जमीन असते. म्हणूनच त्यांना शिकवतात की मनाला काय वाटतं ते सोडा, घड्याळं काय सांगतात ते माना.

तिसरी गोष्ट मेंदू. पहाटे साधारण २ ते ६ या वेळात शरीराचं तापमान उतरतं आणि सावधपणाही. १९९७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलं, की सलग १७ तास जागलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकं ढासळतं. आपल्या कायद्यात वाहनचालकाची मर्यादा आहे ०.०३ टक्के! म्हणजे थेंबही न घेता तो त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो.

ही माहिती असूनही मालवाहू विमानांकडे जग जरा दुर्लक्षच करतं. अमेरिकेने वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे, कडक नियम केले, पण मालवाहू कंपन्यांना त्यातून वगळलं. १४ ऑगस्ट २०१३ रोजी पहाटेच्या अंधारात बर्मिंगहॅम शहराजवळ एक मालवाहू विमान पडलं आणि दोन्ही वैमानिक गेले. चौकशीत उतरतानाच्या चुकांसोबत थकव्याचाही वाटा नोंदवला गेला. आत प्रवासी नसले, की चालवणाऱ्याचा जीव हिशेबात कमी धरला जातो.

आता तुमच्या घरातला ट्रक, पिकअप किंवा टेम्पो चालवणारा आठवा. त्याला "तोंडावर पाणी मार, झोप जाईल" असं सांगू नका. झोप इच्छाशक्तीने जात नाही. जांभया वाढल्या, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, की गाडी रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी लावावी. आधी चहा घ्यावा, मग २० मिनिटं झोपावं. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबूनच चाक हाती घ्यावं. घोरण्याचा आणि दिवसा पेंगण्याचा त्रास असेल तर तपासणी करून घ्यावी.

केळी तासभर उशिरा पोचली तर भाव थोडा पडेल. घरी वाट पाहणाऱ्यांचं नुकसान त्या हिशेबात बसणारं नाही.