पुरातली शाळा

१९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. गावाची शाळा ही सगळ्यांची जागा, ही कल्पना तिथून रुजली. म्हणूनच पुरात माणसं शाळेकडे धाव घेतात. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं. बाकं भिंतीला लावून वर्गांत बिऱ्हाडं मांडली गेली. तरी शिरोळकडची कित्येक माणसं घर सोडेनात. का? गोठ्यात म्हशी होत्या! वर्गात माणसांची सोय झाली, जनावरांची कुठे करायची? तेव्हा नवी शाळा बांधताना उंच जागा बघाच, पण शेजारी जनावरांसाठी पत्र्याची शेडही धरा. नाहीतर निवारा असून माणूस पाण्यातच राहील.