भाकरीतला कुत्र्याचा वाटा

आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या फाटकाशी कुत्री असतातच. हल्ली कामगारांच्या घरांतही पोरं पिल्लू उचलून आणतात. मग गटाच्या बैठकीत हप्त्यांचा विषय संपला की बायका विचारतात, “ह्याला घालायचं काय? दुकानातली पिशवी परवडत नाही, आणि नुसत्या भाकरीवर जगंल का?” म्हणून आज आम्ही कुत्र्याच्या जेवणाचा इतिहास सांगणार आहोत. उत्तराचा बराचसा भाग त्यातच आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या. त्यातली एक म्हणजे दोन बैलांचा रथ. हाकणारा माणूस मागे उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर कुत्रा! म्हणजे या मातीत ही सोबत किती जुनी, ते बघा. २०१३ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली. पिठूळ अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती निघाल्या, कुत्र्यात त्याच्या कितीतरी पट. माणूस धान्य खाऊ लागला, तसा त्याच्या ताटाशेजारी बसून कुत्राही बदलला. ‘मांसाहारी जनावर ते, त्याला भाकर कसली’ असं कुणी म्हणालं तर हे सांगायचं.

आपल्याकडे कुत्र्याचा वाटा हा उपकार नव्हता, रीत होती. वैश्वदेवात गाय, कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचंही पान असे. पारशी घरांतही जेवणाआधी कुत्र्याचा घास काढून ठेवत. चंपाषष्ठीला बाळ्याच्या खंडोबाला आपण जातो. घरी भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, त्यातला घास खंडोबाचं कुत्रं म्हणून दारच्या कुत्र्याला मिळतो. आणि दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री नसलेलं घर या अक्कलकोट रस्त्याला शोधावंच लागेल.

आम्हाला मात्र सगळ्यांत आवडते ती आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरच्या नामदेवांची गोष्ट. कुत्र्यानं भाकर पळवली, तर महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. कीर्तनात ही गोष्ट सगळ्यांत देव पाहण्यासाठी सांगतात, ते खरंच. पण स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या कानाला त्यातलं ‘कोरडी’ ऐकू येतं.

कारण भाकरीत कमी काय पडतं, ते जुन्या कुत्र्यांना बाहेर मिळत होतं. विजापूरपलीकडे मुधोळ हे घोरपड्यांचं मराठा संस्थान. तिथल्या राजे मालोजीरावांनी शिकारी कुत्री जोपासली, पंचम जॉर्ज बादशहाला एक जोडी दिली. २००५ साली या जातीचं टपाल तिकीटही निघालं. राजवाड्याबाहेर याच कुळातली कारवानी कुत्री धनगर-शेतकऱ्यांच्या दारात भाकर, आंबील, ताक यांवर वाढली. शिवाय ससा मारला की मांस मिळे, शेतात उंदीर मिळे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, आणि आता एमआयडीसीत साखळीला बांधलेल्या कुत्र्याला उंदीर कुठला? त्याच्या वाट्याला फक्त भाकर उरली.

पिशवीतलं खाणं आलं कुठून? १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन वीजरोधक तारा विकायला लंडनला गेला. बंदरात जहाजावरची टणक बिस्किटं कुत्री आवडीनं खाताना त्यानं पाहिली, आणि गव्हाचं पीठ, भाज्या, बीट, मांस घालून खास कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली. आपली कडक भाकरीच म्हणा की, फक्त मांस घातलेली. अमेरिकेत १९२२ पासून डब्यात घोड्याचं मांस आलं. दुसऱ्या महायुद्धात पत्रा मिळेना, तेव्हा कोरडं खाणं वाढलं. १९५० नंतर चुरमुऱ्यासारखे फुगवलेले दाणे आले. तेच आज पिशवीत दिसतात.

त्या पिशवीवर चित्र बघू नका, प्रथिनं वाचा. मोठ्या कुत्र्याला कोरड्या वजनाच्या किमान १८ टक्के लागतात, पिल्लाला आणि गाभण कुत्रीला साधारण २२. ज्वारीत आहेत १० च्या आसपास. मंगळवेढ्याची ज्वारी कितीही नावाजलेली असली तरी हा फरक भरून काढावाच लागतो. उकडलेलं अंडं, फोडणी न दिलेली डाळ, हाड काढलेलं शिजलं मांस, चमचाभर तेल किंवा तूप. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना बाधतं, दही-ताक बरं. पिल्लू असेल तर मात्र पहिले काही महिने पिल्लांची पिशवी घ्या, किंवा जनावरांच्या डॉक्टरांना विचारून कॅल्शियम द्या. घरच्या अंदाजानं हाडं वाकतात.

आता सोलापूरकरांसाठी खास. आपण ज्यांच्यासाठी ओळखले जातो, तेच कुत्र्याला घातक: बाजार समितीतला कांदा, शेंगाचटणीतला लसूण, आपली द्राक्षं आणि बेदाणे. कांदा-लसणानं त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, द्राक्ष-बेदाण्यानं मूत्रपिंड बंद पडू शकतं. म्हणून रश्शात कुस्करलेली उरलीसुरली भाकर, जी आपण मायेनंच घालतो, ती नको. शिजलेली कोंबडीची हाडंही नकोत, त्यांच्या टोकदार काचा होतात.

एक गोष्ट जाता जाता. घरात सगळ्यांत शेवटी जेवणारी बाई आणि दारातलं कुत्रं, दोघांनाही उरलेलंच मिळतं. कुत्र्यासाठी अंडं आणायचं ठरलं तर ते आपल्या ताटातून कमी होता कामा नये. गटातल्या हिशेबाच्या वहीत तो खर्च वेगळा लिहा, घरच्यांनाही दाखवा.

कडक भाकरी करताना मोडणारे तुकडे टाकू नका. ते डाळीच्या पाण्यात अर्धा तास भिजवा, वर अंडं कुस्करा, मीठ-तिखट काही नको. सकाळी आणि संध्याकाळी, दोन वेळा. शेजारी पाण्याचं भांडं, उन्हाळ्यात सावलीत.