मंडळीतील आजीवन धर्मशिक्षण (अहिल्यानगर जिल्हा)

बाप्तिस्म्याने ख्रिस्ती जीवनाची सुरुवात होते. त्यानंतरची श्रद्धेची वाढ उपासना, शास्त्रवाचन, गायन आणि सेवा यांतून, स्थानिक मंडळीच्या सोबतीने आयुष्यभर चालावी, असे ख्रिस्ती परंपरा मानते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर, बोलण्यात ‘नगर’) जिल्ह्यात या शिक्षणाला जे रूप आले ते युरोप-अमेरिकेतील नमुन्याहून बरेच वेगळे होते. येथील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे अस्पृश्य मानलेल्या महार व मांग समाजांतून आली. त्यांना अक्षरांपासून दूर ठेवण्यात आले होते. त्यामुळे धर्मशिक्षण आधी कानांनी आणि गळ्याने झाले, पुस्तक नंतर आले.

प्रॉटेस्टंट पंथाच्या अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले आणि नगरचे केंद्र १८३१ मध्ये उघडले. आरंभीचे मिशनरी शाळा, छापखाना आणि प्रवचन यांवर भर देत. १८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. सिंथिया फॅरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. संपूर्ण बायबल मराठीत १८४७ मध्ये उपलब्ध झाले. नगरमध्ये १८३९ साली बाप्तिस्मा घेतलेले हरिपंत खिस्ती व त्यांच्यासारखे ब्राह्मण कुळातील काही जण पुढे पाळक झाले. लहानशा नगर मंडळीत ब्राह्मण आणि महार एकाच प्रभुभोजनाला बसू लागले. त्या काळात हे सर्वांत अवघड धर्मशिक्षण होते, आणि ते एका दिवसात पुरे होण्याजोगे नव्हते. जातीच्या खुणा सोयरिकीत आणि बसण्या-उठण्यात पुढे कित्येक पिढ्या टिकून राहिल्या.

१८७६–७८ च्या दुष्काळानंतर खेड्यांतील मंडळ्यांची सभासदसंख्या झपाट्याने वाढली. पोटासाठी धर्म घेतला, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. हेतू काहीही असो, मंडळीचे खरे काम बाप्तिस्म्यानंतर सुरू झाले. याच सुमारास मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांच्या पुढाकाराने नगरला पाळक व धर्मशिक्षक घडवणारी सेमिनरी उभी राहिली. गावात शाळामास्तरच बहुधा उपदेशक असे. दिवसा तो मुलांना बाराखडी शिकवी आणि रात्री कंदिलाच्या उजेडात मोठ्या माणसांची प्रार्थना घेई. बायकांना घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवण्याचे काम बायबल-बाया करत. स्वतः प्रौढपणी अक्षर शिकलेली बाई दुसरीला शिकवते, ही साखळी मंडळीच्या वाढीत मिशनरींच्या प्रवचनांहून अधिक उपयोगी पडली असावी.

मंडळीतील प्रौढांचे शिक्षण खऱ्या अर्थाने रुजवले ते कीर्तनाने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती आख्याने रचून कीर्तने केली. नेवासे तालुक्यातील वडाळ्याचे मिशनरी सॅम्युएल फेअरबँक यांनी या प्रकाराला उत्तेजन दिले. टाळ-मृदंगाच्या साथीने उधळ्या पुत्राची गोष्ट साकी-दिंडीत उलगडू लागली, की निरक्षर श्रोताही धृपद घेऊन घरी जाई आणि सकाळी जात्यावर तेच पुन्हा उमटे. पाश्चात्त्य चालीवरची स्तोत्रे चर्चमध्ये गायली जात, पण घरात आणि शेतात ती फारशी पोहोचली नाहीत. देशी छंदातून शिकवण्याच्या या मार्गाचे पूर्वसूरी मराठीत आधीच होते. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ साली छापले गेले, तेही नवख्रिस्तींना त्यांच्या ओळखीच्या छंदातून शिकवण्यासाठीच.

या परंपरेला उंची दिली ती रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचे बरेचसे आयुष्य नगर आणि राहुरी येथे गेले. संतांच्या, विशेषतः तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांची भजने व अभंग मराठी मंडळ्यांत आजही गायले जातात. मिशनच्या पगारी चौकटीत श्रद्धा वाढत नाही, असे वाटू लागल्यावर ती नोकरी सोडून १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, ही कल्पना होती. टिळकांच्या मृत्यूमुळे ती फार पुढे गेली नाही.

आयुष्यभर चालणाऱ्या या वाढीचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे. पतीने धर्म बदलला तेव्हा त्या कर्मठ सोवळे पाळत होत्या. काही वर्षे त्यांनी नवऱ्यापासून दूर राहून काढली. मग जातिभेद आपल्याच मनाशी तपासून टाकून दिला आणि स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. शालेय शिक्षण नव्हते, तरी त्यांनी कीर्तने केली. टिळकांचे अपुरे काव्य ‘ख्रिस्तायन’ चौसष्ट अध्याय लिहून पुढे नेले, आणि ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मकथा तर साठीच्या उंबरठ्याशी हाती घेतली. मंडळीतल्या उणिवा त्या पुस्तकात हसत-हसत, पण स्पष्ट आल्या आहेत.

नित्याच्या व्यवस्थेत बालकाचा बाप्तिस्मा, शब्बाथ शाळा, मग समज आल्यावर सर्वांसमोर विश्वासाची कबुली आणि प्रभुभोजनात सहभाग असा क्रम असे. शब्बाथ शाळेत आठवड्याचे वचन तोंडपाठ म्हणून दाखवावे लागे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात या मंडळ्या सामील झाल्या. बिशपच्या हस्ते होणारे दृढीकरण त्यानंतर त्यांच्यात आले. पुढची शिकवण महिला मंडळ, तरुण संघ, घरोघरच्या प्रार्थना आणि उपवासकाळातील सभांतून होते. दृढीकरण म्हणजे परीक्षा उत्तीर्ण, असा समज मात्र सर्रास आढळतो. त्यानंतर तरुण गळतात, आणि शास्त्राभ्यासाला उरतात त्या बहुधा प्रौढ बायका.

कॅथलिक शाखेचे काम जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन जेज्वितांनी वाढवले. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये सुरू केलेले ‘निरोप्या’ मासिक धर्मशिक्षणाचे दीर्घायुषी साधन ठरले. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीचे वर्ग गावोगावचे धर्मशिक्षक घेतात. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे १९४९ पासून सप्टेंबरमध्ये मतमाउलीची (मरियामातेची) यात्रा भरते. तिच्याआधीच्या नोव्हेनात (नऊ दिवसांच्या प्रार्थनाक्रमात) रोज प्रार्थना व प्रवचन होते. यात्रेला इतर धर्मांचे लोकही नवस घेऊन येतात. पुण्या-मुंबईला गेलेली जिल्ह्यातील कुटुंबे त्या दिवसांत मुलांना घेऊन गावी परततात.