ध्यास आणि नेतृत्व : पंडित भातखंडे यांची कथा

पुढारी हा जन्मावा लागतो, तो घडवितां येत नाहीं, असा एक समज समाजांत फार दिवसांपासून रूढ आहे. इतिहास मात्र या समजाला सर्वस्वीं पाठिंबा देत नाहीं. ज्याच्या हातीं अधिकार नाहीं आणि पाठीशीं घराणें नाहीं, असा मनुष्यहि एखाद्या क्षेत्राचा नेता होऊं शकतो. परंतु आपलें मन खरोखर कशांत रमतें हें त्यास आधीं ओळखतां आलें पाहिजे, आणि ओळखल्यावर त्याची किंमत देण्याची तयारी पाहिजे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

भातखंडे यांचा जन्म ता. १० ऑगस्ट १८६० रोजीं मुंबईंत वाळकेश्वर येथें झाला. त्यांचें घराणें गवयांचें नव्हे. विद्यार्थिदशेंतच ते सतार शिकले. त्या काळीं पांढरपेशा घरांत गाणें ऐकणें शिष्टसंमत होतें. मुलानें तें मन लावून शिकणें मात्र वडील मंडळींना चिंतेचें वाटे. सन १८८४ मध्यें ते मुंबईच्या ‘गायन उत्तेजक मंडळी’चे सभासद झाले. पारशी गृहस्थांनीं स्थापिलेल्या या संस्थेंत नामांकित गवयांचें गाणें होई आणि सभासदांस शिक्षणहि मिळे. तेथें रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनीं ध्रुपदें घेतलीं. सन १८८५ मध्यें ते बी. ए. झाले, सन १८८७ मध्यें त्यांनीं कायद्याची परीक्षा दिली, आणि कांहीं काळ कराचीस व पुढें मुंबईस वकिली केली.

म्हणजे ध्यास लागल्याबरोबर त्यांनीं संसार व धंदा वाऱ्यावर सोडला, असें झालें नाहीं. दिवसा कज्जेदलाली आणि सायंकाळीं संगीत, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. याच काळांत त्यांना एक गोष्ट उमगली. गाऊन सभा जिंकावी ही त्यांची ओढ नव्हती. हा राग असाच कां, यांत हा स्वर कां वर्ज्य, आणि दोन गवई एकाच नांवाचा राग दोन तऱ्हांनीं कां गातात, हे प्रश्न त्यांना स्वस्थ बसूं देईनात. उत्तर विचारावें तर ‘आमच्या घराण्यांत असेंच चालतें’ एवढेंच ऐकूं येई. पुरावा मागण्याची वकिलाची संवय येथें त्यांच्या उपयोगीं पडली. आपलें खरें काम गाण्याचें नसून गाण्याचें शास्त्र लावण्याचें आहे, हा त्यांचा आत्मशोध होय. गाण्याची आवड असणारे पुष्कळ होते; त्या आवडीचें नेमकें रूप ओळखणारा विरळा.

सन १९०० मध्यें पत्नी आणि सन १९०३ मध्यें कन्या निवर्तली. संसाराचे पाश असे तुटल्यावर उरलेलें आयुष्य त्यांनीं या एका कामास वाहिलें. सन १९०४ मध्यें ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले. एट्टयपुरम् येथें सुब्बराम दीक्षितर यांची त्यांनीं भेट घेतली. व्यंकटमखीचा ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ हा संस्कृत ग्रंथ आणि त्यांतील बहात्तर मेळांची योजना त्यांनीं अभ्यासिली. त्यानंतरच्या वर्षांत उत्तर व पूर्व हिंदुस्थानांतील शहरें त्यांनीं पालथीं घातलीं. ग्रंथालयांत जुन्या पोथ्या पाहाव्या, नामांकित कलावंतांस भेटावें, प्रश्न विचारावे आणि सर्व टिपून ठेवावें, हा त्यांचा नेम होता.

येथें त्यांच्यासमोर जी अडचण उभी राहिली, तिच्यावरच पुढील सारें अवलंबून होतें. चिजांचा खजिना गवयांच्या कंठांत होता. तो कागदावर फारसा आलेला नव्हता, त्यामुळें एक म्हातारा उस्ताद गेला कीं त्याच्याबरोबर कित्येक चिजा कायमच्या नाहींशा होत. उलट, तीच चीज गवयाची रोजची भाकर होती; ती उघड केली तर मुलाबाळांनीं खावें काय, हा त्यांचा प्रश्नहि खोटा नव्हता. हें द्रव्य केवळ हुकमानें किंवा पैशानें बाहेर येणारें नव्हतें. तेव्हां भातखंडे यांनीं शिष्याची भूमिका घेतली. रामपूरला तानसेनाच्या परंपरेंतील बीनकार वजीरखां यांच्यासमोर हा पदवीधर वकील शागीर्द म्हणून बसला. जयपूरच्या महंमद अलीखां यांच्या घराण्याकडूनहि त्यांना चिजांचा मोठा सांठा मिळाला. ज्यांचें नेतृत्व पुढें करावयाचें त्यांच्यापुढें आधीं नम्र व्हावें लागतें, हा धडा त्यांनीं कृतीनें घालून दिला.

सन १९१० मध्यें ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनीं ‘चतुर पंडित’ या टोपणनांवानें प्रसिद्ध केला. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या मराठी ग्रंथाचे चार भाग गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपानें लिहिले. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत सुमारें १८०० चिजा स्वरलिपीसह छापल्या. रागांची मांडणी त्यांनीं बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी या दहा थाटांत केली. दक्षिणेचे बहात्तर मेळ जसेच्या तसे न उचलतां, उत्तरेंत जे राग प्रत्यक्ष गाइले जातात त्यांना पुरेल एवढीच चौकट त्यांनीं घेतली, हें त्यांच्या विवेकाचें लक्षण होय.

ग्रंथ लिहून विद्वान् होतां येतें, नेता होतां येत नाहीं. नेतृत्वाची कसोटी सन १९१६ मध्यें बडोद्यास लागली. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाखालीं तेथें पहिली अखिल भारतीय संगीत परिषद् भरली. एरवीं एकमेकांच्या गाण्यास मान न डोलविणारे गवई, संस्थानिक आणि शास्त्री यांना एकत्र बसवून रागरूपांची उघड चर्चा करविणें हें सोपें काम नव्हतें. पुढें दिल्ली, काशी आणि लखनौ येथें अशाच परिषदा झाल्या. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनीं आपल्या पदरचे कांहीं गवई स्वरलिपि शिकण्यासाठीं मुंबईस त्यांच्याकडे पाठविले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. सन १९१८ मध्यें ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय आणि सन १९२६ मध्यें लखनौस मॅरिस कॉलेज निघालें. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे पुढें मॅरिस कॉलेजचे प्राचार्य झाले. आज ती संस्था भातखंडे यांच्याच नांवानें विद्यापीठ म्हणून नांदत आहे.

या कार्याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. दहा थाटांची चौकट सर्व रागांना पुरत नाहीं. पटदीपांत गंधार कोमल आणि निषाद शुद्ध लागतो. अशी स्वररचना दहांपैकीं एकाहि थाटांत नाहीं, तरीहि त्यास काफी थाटांत बसवावें लागतें. मींड आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद स्वरलिपींत पूर्णपणें उतरत नाहींत. निरक्षर उस्तादांविषयीं त्यांनीं कठोर भाषा वापरली, असाहि आक्षेप घेतला जातो. ज्यांच्या कंठांतून सारें मिळालें त्यांच्याविषयीं अशी भाषा आल्यास ती खटकणारच. वर्गांत बसून गाणें शिकलेला विद्यार्थी उस्तादाजवळ राहून तयार झालेल्या गवयाची बरोबरी करील काय, ही शंका तर आजहि मिटलेली नाहीं. ध्यास मनुष्यास दूर नेतो, पण कधीं कधीं तो त्यास एकाच बाजूनें पाहावयास लावतो.

इतकें असूनहि एक गोष्ट नाकारतां येत नाहीं. पूर्वीं ज्या चिजेसाठीं वर्षानुवर्षें उस्तादाची सेवा करावी लागे, ती आज मध्यम स्थितीच्या घरांतील मुलगी पुस्तक उघडून पाहूं शकते. विद्येचें दार असें उघडलें, त्याचें मोठें श्रेय या माणसाकडे जातें. त्याच पिढींत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं सन १९०१ मध्यें लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. एक विष्णु गळ्याच्या बळावर पुढें आला, दुसरा जिज्ञासेच्या. दोघांच्या स्वरलिपी निराळ्या, स्वभाव निराळे; परंतु प्रत्येकानें आपल्या प्रकृतीस साजेल तोच मार्ग धरला. भातखंडे यांनीं पलुस्करांचें अनुकरण केलें असतें तर एक सामान्य गायक वाढला असता आणि एक शास्त्रकार हरपला असता.

सन १९३३ मध्यें पक्षाघातानें त्यांना अंथरुणास खिळविलें, आणि ता. १९ सप्टेंबर १९३६ रोजीं, गणेशचतुर्थीस, त्यांचें देहावसान झालें. मैफल गाजविणारा गवई म्हणून त्यांची ख्याति कधींच नव्हती. तरीहि आज संगीतवर्गांत पहिल्या दिवशीं विद्यार्थ्यास ‘यमन, थाट कल्याण’ असें लिहून दिलें जातें, तेव्हां तो वर्ग त्यांच्याच मांडणीनें चाललेला असतो.