बीपची कुळकथा

संगणक चालू करताच, पडदा उजळण्याआधी वाजणारी ‘बीप’ घंटीच्या कुळातली आहे. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजे. टेलिप्रिंटरवर तीच घंटी तारेच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाचे लक्ष वेधण्यासाठी वाजवता येऊ लागली आणि अक्षरांप्रमाणे तिलाही संकेत मिळाला. १९६३ च्या ‘आस्की’ संकेतावलीत घंटीचा क्रमांक ७ आहे, आणि तो अजून बदललेला नाही.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा त्याच्या पेटीत सव्वादोन इंची स्पीकर होता. त्याला आवाज पुरवी ८२५३ ही गणकचिप. तिच्यातले तीन गणक वेगवेगळी कामे करत: एक घड्याळ चालवी, दुसरा स्मृती ताजी ठेवी, तिसरा स्पीकर वाजवी. सेकंदाला सुमारे ११,९३,००० ठोक्यांना १,१९३ ने भागले की १,००० कंपनांचा स्वर निघे. एका वेळी एकच स्वर. सुरुवातीच्या खेळांचे सगळे संगीत एवढ्यावर बेतलेले होते.

या साध्या भोंग्यावर मोठी जबाबदारी आली ती स्वतपासणीमुळे. वीज मिळताच बायोस हा कायमचा कोरलेला प्रोग्रॅम प्रोसेसर, स्मृती, डिस्प्ले कार्ड, कीबोर्ड असे एकेक भाग तपासतो. पण डिस्प्ले कार्डच बिघडले असेल, तर ते पडद्यावर लिहून सांगायचे कसे? स्पीकरला फार थोडे भाग लागतात, म्हणून पडदा मुका असतानाही तो बोलू शकतो. ही निवड अत्यंत शहाणपणाची होती. आयबीएमच्या यंत्रात एक आखूड बीप म्हणजे सर्व ठीक, एक लांब व एक आखूड म्हणजे मदरबोर्डमध्ये दोष, एक लांब व दोन आखूड म्हणजे डिस्प्लेमध्ये.

पुढे इतर कंपन्यांनी आपापले बायोस लिहिले आणि ही भाषा फुटली. एएमआयच्या बायोसने नुसती संख्या मोजायला लावली: तीन बीप म्हणजे पायाभूत स्मृतीत बिघाड, आठ म्हणजे डिस्प्लेच्या स्मृतीत. अवॉर्डने लांब-आखूडची रीत राखली. फिनिक्सने १-३-१-१ असे बीपांचे गट केले. म्हणून दुरुस्तीत आधी बायोस कोणाचा हे पाहावे लागते, मगच बीपांचा अर्थ लावता येतो. स्मृतीची तक्रार असेल तर वीज पूर्ण तोडून रॅम काढतात, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसतात आणि ती पुन्हा घट्ट बसवतात. पुष्कळदा दोष रॅममध्ये नसून सैल जोडणीत असतो.

सुरू झाल्यानंतरच्या बीपचे कारण निराळे. बायोसच्या कीबोर्ड-साठ्यात पंधरा कळांचे ठोके मावतात. खेळताना तो भरला की पुढच्या प्रत्येक ठोक्याला बीप वाजते. ती बिघाडाची खूण नव्हे.

आता अनेक मदरबोर्डांवर स्पीकर नसतो. त्याच्या जागी प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले आणि बूट यांचे चार छोटे दिवे असतात. जिथे तपासणी अडते, तिथला दिवा पेटून राहतो.