जोडीदाराचा पाय कापावा लागला तर: शस्त्रक्रियेपासून कृत्रिम पायापर्यंत तुमची साथ

मधुमेहातील चिघळलेली जखम, पायाचा बंद झालेला रक्तपुरवठा किंवा अपघात यामुळे कधीकधी जीव वाचवण्यासाठी पाय कापावा लागतो. अशा वेळी पती किंवा पत्नी म्हणून तुम्हाला सगळे स्वतःच करावेसे वाटेल. पण जोडीदार पुन्हा चालावा, यासाठी काही गोष्टी तुम्ही करायच्या असतात आणि काही त्यांना स्वतः करू द्यायच्या असतात.

शस्त्रक्रियेपूर्वी

पाय गुडघ्याखाली कापणार की वर, हे डॉक्टरांना विचारा. गुडघा वाचला तर कृत्रिम पायाने चालायला कमी शक्ती लागते. मात्र जखम भरण्याइतका रक्तपुरवठा कुठपर्यंत आहे, यावर हा निर्णय ठरतो. शुगर नियंत्रणात ठेवणे आणि तंबाखू, विडी बंद करणे यांचा जखम भरण्यावर थेट परिणाम होतो.

त्याच काळात घर तयार करा. भारतीय पद्धतीच्या शौचालयासाठी कमोड खुर्ची आणा, भिंतीला धरायला दांडी लावा आणि उंच उंबऱ्यापाशी उतार करून घ्या.

पहिले काही आठवडे

सर्वांत जास्त होणारी चूक प्रेमापोटी होते. आराम वाटावा म्हणून घरचे लोक उरलेल्या पायाखाली (याला स्टम्प म्हणतात) उशी ठेवतात. तसे करू नका. सांधा सतत वाकलेला राहिला तर तिथेच आखडतो आणि मग कृत्रिम पाय बसवणे अवघड होते. गुडघा सरळ राहू द्या. पाय मांडीतून कापला असेल तर मांडीखाली उशी नको. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दिवसातून दोन-तीन वेळा थोडा वेळ पालथे झोपवा.

सूज उतरण्यासाठी क्रेप बँडेज बांधायचे असते. ते टोकाला जास्त घट्ट आणि वर सैल असावे. फिजिओथेरपिस्टकडून हे स्वतःच्या हाताने शिकून घ्या.

नसलेला पाय दुखतो, असे जोडीदार म्हणाले तर तो भ्रम समजू नका. याला फँटम वेदना म्हणतात. ती खरी असते आणि तिच्यावर औषधे आहेत. रात्री अर्धवट झोपेत, पाय नाही हे विसरून उभे राहताना अनेकजण पडतात. पलंगाजवळ दिवा आणि कुबडी ठेवा.

कृत्रिम पाय

जखम पूर्ण भरून सूज कमी झाल्यावर, बहुधा दीड-दोन महिन्यांनी किंवा त्यानंतर, माप घेतले जाते. सुरुवातीला पाय थोडाच वेळ घालायचा. काढल्यावर स्टम्पची त्वचा नीट पाहा. लालसरपणा वीस मिनिटांत गेला नाही, फोड आला किंवा कातडी सोलली, तर पाय घालणे थांबवून प्रोस्थेटिस्टना दाखवा. स्टम्प पुढे बारीक होत जातो, त्यामुळे सॉकेट सैल होणे अपेक्षित आहे. रोज रात्री स्टम्प धुऊन कोरडा करा. पाय घालण्यापूर्वी तेल लावू नका.

जुन्नर-आंबेगावातील पारगावसारख्या गावात चालणे म्हणजे उसाच्या सऱ्या, चिखल आणि पाणी. घरी मांडी घालून बसणे आणि अनवाणी वावरणेही आलेच. प्रोस्थेटिस्टना हे स्पष्ट सांगा. 1968 च्या सुमारास तयार झालेला 'जयपूर फूट' अशाच वापराचा विचार करून बनवला गेला.

पुण्यात 1944 मध्ये सुरू झालेले सैन्यदलाचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पाय बसवल्यावर दुरुस्तीसाठी पुन्हापुन्हा जावे लागते, म्हणून केंद्र निवडताना गावाहून होणाऱ्या फेऱ्यांचाही विचार करा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. अनेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते.

दुसरा पाय जपा

मधुमेह असेल तर उरलेल्या पायालाही तोच धोका असतो. रोज संध्याकाळी तळवा आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही पाहा. शेतातही अनवाणी जाऊ देऊ नका.

मन आणि नाते

चिडचिड, रडू, कुणाला भेटायला नको वाटणे हे सुरुवातीला स्वाभाविक आहे. पाहुण्यांसमोर त्यांच्या वतीने तुम्ही उत्तरे देऊ नका. भाजी निवडणे, हिशेब ठेवणे, दाढी करणे अशी कामे त्यांना वेळ लागला तरी करू द्या. स्टम्पकडे पाहणे, त्याला हात लावणे टाळू नका. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर पूर्वीसारखे शेजारी झोपा. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली किंवा जगणे नको असे बोलणे आले, तर डॉक्टरांना सांगा. टेली-मानस 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते. तुम्ही थकला असाल तर तुम्हीही बोला, आणि आठवड्यातून एक दिवस तरी मुलांवर किंवा भावंडांवर जबाबदारी सोपवा.

लगेच दवाखान्यात न्या

* ताप, पू, दुर्गंधी किंवा जखमेची कड काळी पडणे
* न थांबणारा रक्तस्राव किंवा स्टम्पवर पडणे
* दुसऱ्या पायाची पोटरी सुजून दुखणे
* अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे